जुन्या मोटारीचे माप कोण तपासणार?

आमचा धंदा कापडाचा. आमच्यासारख्या प्रत्येक दुकानदाराच्या मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो आणि ठराविक मुदतीनंतर ती पट्टी पुन्हा तपासून घ्यावी लागते. रिक्षा-टॅक्सीचा भाड्याचा मीटरही तपासून सीलबंद केला जातो. चार-पाचशे रुपयांच्या कापडासाठी आणि पन्नास रुपयांच्या भाड्यासाठी एवढा बंदोबस्त आहे. परंतु दोन-चार लाखांच्या जुन्या मोटारीची किंमत ज्या आकड्यावर ठरते, त्या किलोमीटरच्या आकड्यावर कोणाचाच शिक्का नसतो. गाडी विकणारा जे दाखवील तेच माप!

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या जवळचा आहे. छोटा दुकानदार, कारखान्यातील कारागीर, परदेशातून परतलेला नोकरदार, यांच्या घरी येणारी पहिली मोटार बहुधा जुनीच असते. त्यातही व्याजाच्या कर्जापासून दूर राहणारे अनेकजण पै-पै साठवून रोख सौदा करतात. कर्ज काढले तर पैसे देण्यापूर्वी बँक गाडीची किंमत आपल्या माणसाकडून तपासून घेते. रोखीने घेणाऱ्यामागे असा कोणी नसतो. तेव्हा त्याने दुप्पट सावध असले पाहिजे.

मीटर मागे घेणे हा प्रकार जुनाच आहे. पूर्वी आकड्यांची चाके असत, ती उलटी फिरवत. आता आकडा इलेक्ट्रॉनिक झाला, म्हणून तो पक्का झाला असे अनेकांना वाटते. तसे नाही. आकडा मीटरमधील छोट्या चिपमध्ये साठवलेला असतो आणि अनेक गाड्यांमध्ये यंत्र जोडून तो थोड्याच वेळात बदलता येतो. स्क्रू उघडल्याची खूणही राहत नाही. लाखभर किलोमीटर धावलेली गाडी चाळीस हजारांची होऊन बाजारात उभी राहते.

यात नुकसान केवळ पैशाचे नाही. गाडीतील कित्येक सुटे भाग किलोमीटरच्या हिशेबाने बदलायचे असतात. इंजिनाचा टायमिंग बेल्ट हे त्याचे उदाहरण. ज्या गाड्यांना असा पट्टा असतो, त्यांत तो मुदत उलटूनही बदलला नाही तर चालत्या गाडीत तुटतो आणि बहुतेक वेळा इंजिनाचे मोठे काम निघते. ब्रेक आणि सस्पेन्शन यांचेही तसेच. खोटा आकडा पाहून मालक निर्धास्त राहतो आणि बायकामुलांना घेऊन घाट उतरतो. म्हणजे खोट मापात असली तरी धोका जिवाला आहे.

मग तपासायचे कसे? पहिली गोष्ट साधा हिशेब. रोज तीस किलोमीटर चालणारी गाडी वर्षाला सुमारे अकरा हजार किलोमीटर धावते. आठ वर्षांच्या गाडीचा मीटर पस्तीस हजार दाखवत असेल तर ती रोज सरासरी बाराच किलोमीटर चालली, असा अर्थ होतो. हे अशक्य नाही. पण कोण चालवीत होते, कशासाठी, हे विचारलेच पाहिजे. गाडीचे वय आणि मालक कितवा हे आरसी बुकावरून कळते. गाडी पूर्वी टॅक्सी परवान्यावर होती काय, याचीही आरटीओच्या नोंदीवरून खात्री करावी.

दुसरी गोष्ट कागद. सर्व्हिस बुक मागावे आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख व आकडा क्रमाने वाचावा. आकडा नेहमी वाढतच गेला पाहिजे. बुक हरवले असे उत्तर मिळाले तर मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर जावे. तेथे गाडीच्या नंबरावरून जुन्या जॉब कार्डांच्या नोंदी बहुधा निघतात. काही गाड्यांत मीटरखेरीज इंजिन किंवा ब्रेकच्या कॉम्प्युटरमध्येही किलोमीटरची नोंद राहते. स्कॅनर लावल्यावर दोहोंतील फरक उघडा पडतो. फास्टॅगच्या खात्याचा उतारा पाहिला तर गाडी टोलनाक्यांवरून किती वेळा गेली तेही दिसते.

तिसरी गोष्ट गाडी स्वतः. टायरवर चार आकड्यांची खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. मीटरवर पंचवीस हजार आणि चारही टायर गाडीपेक्षा कितीतरी नंतरचे, तर पहिले टायर कुठे झिजले ते विचारावे. ब्रेक व क्लचच्या पेडलचे रबर, स्टेअरिंगवरचा हात ठेवण्याचा भाग, चालकाच्या सीटची कड आणि सीट बेल्ट यांची झीज लपवणे कठीण असते. आमच्या व्यापारात ताग्यावरचा छाप वाचून कोणी माल घेत नाही, घडी उलगडून काठ पाहतो. येथेही तेच करावे. ओळखीचा मेस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी आपण द्यावी, विकणाऱ्याने नव्हे.

शेवटी, विक्रीच्या कागदावर त्या दिवशीचा मीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि "हा आकडा बदललेला नाही" अशी ओळ घालून विकणाऱ्याची सही घ्यावी. सही करायला जो कचरतो त्याच्याशी सौदा करू नये. पुढे तक्रारीची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो. फसवणुकीचे कलम पूर्वी ४२० होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. व्यापाऱ्याकडून गाडी घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहे. पण आकडा कोणी फिरवला हे सिद्ध करावे लागते आणि तोंडी सौद्यात ते फार अवघड जाते.

आता दोन शब्द जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी. त्यांच्यापैकी काहीजण म्हणतात, "गिऱ्हाईकालाच कमी आकडा हवा असतो. खरा आकडा दाखवला तर गाडी महिनोन्‌महिने पडून राहते." यात काही अंशी तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याचा परिणाम काय होतो? अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन तो मांडला होता. खरे-खोटे ओळखता येईनासे झाले की गिऱ्हाईक सगळ्यांनाच कमी दाम देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. म्हणजे मीटर फिरवणारा इमानदार व्यापाऱ्याचेही पोट मारतो. जो व्यापारी खरा आकडा, सर्व्हिसच्या कागदांसह, स्वतः पुढे ठेवील त्याला चार पैसे जास्त मागण्याचा हक्क आहे आणि गिऱ्हाईकाने ते द्यावेत.

सरकारचेही काम आहे. अमेरिकेत १९७२ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे; तरीही तेथील सरकारी यंत्रणेचा अंदाज असा की, वर्षाला साडेचार लाखांवर गाड्या खोट्या आकड्याने विकल्या जातात. बेल्जियमने वेगळा मार्ग धरला. २००४ च्या कायद्यानुसार तेथील गॅरेजवाल्यांना कामाला आलेल्या गाडीचा आकडा मध्यवर्ती नोंदीत कळवावा लागतो आणि २००६ च्या अखेरीपासून जुनी गाडी विकताना त्या नोंदींचा दाखला खरेदीदाराला द्यावाच लागतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेण्याचा आणि ताब्यातील गाडीच्या फेऱ्यांची किलोमीटरसह नोंद ठेवण्याचा नियम आहे. हे पाऊल चांगले आहे, पण गाडी व्यापाऱ्याच्या दारात येण्यापूर्वीच मीटर फिरला असेल तर त्याचा उपयोग नाही. प्रत्येक गाडी ठराविक मुदतीने पीयूसीला जाते, दरवर्षी तिचा विमा उतरतो. त्या वेळचा आकडा सरकारी पोर्टलवर चढवून खरेदीदाराला दाखवणे ही काही खर्चाची बाब नव्हे. व्यापारी संघटनांनी ही मागणी लावून धरावी आणि ती मान्य होईपर्यंत प्रत्येक खरेदीदाराने कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.