पडद्यावरच्या गणिताचाही ताळा पाहा

वसईच्या किल्ल्यात किंवा नायगावच्या सेटवर कॅमेरे लागणे आपल्याकडे नवे नाही. दृश्य ऐतिहासिक असेल तर पगडीची ठेवण आणि तलवारीची मूठ कुणीतरी जाणकार पाहून घेतो. चूक राहिलीच तर प्रेक्षक ती दाखवून देतात. फळ्यावरच्या गणिताच्या वाट्याला ही काळजी क्वचितच येते. फळा भरलेला दिसला की काम भागले, असे मानले जाते. कथा जे गणित खरे म्हणून सांगते ते खरे असलेच पाहिजे, आणि ते तपासणे हा चित्रपट बनवण्याचाच भाग मानला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

‘खरे म्हणून सांगते’ ही अट मुद्दाम घातली आहे. ‘तारे जमीन पर’मध्ये (२००७) छोटा ईशान तीन गुणिले नऊ सोडवताना तिसरा ग्रह पृथ्वी नवव्या प्लूटोवर नेऊन आदळतो आणि उत्तर लिहितो तीन. ही चूक कथेला ठाऊक आहे. त्या चुकीतूनच मुलाचे मन दिसते. तिला हात लावणे हा अडाणीपणा ठरेल. याउलट ‘द विझर्ड ऑफ ओझ’मधले (१९३९) बुजगावणे बुद्धीची पदवी मिळताच सांगते, की समद्विभुज त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंच्या वर्गमुळांची बेरीज तिसऱ्या बाजूच्या वर्गमुळाएवढी असते. दोन समान बाजू घेतल्या तर तिसरी त्यांच्या चौपट निघते, आणि असा त्रिकोण काढताच येत नाही. पडद्यावर मात्र ते शहाणपण म्हणून मिरवते.

आकड्याची चूक त्यातल्या त्यात सौम्य. कल्पनेची चूक अधिक खोल जाते. ‘अ ब्यूटिफुल माइंड’साठी (२००१) डेव्ह बायर हे गणिताचे प्राध्यापक सल्लागार होते आणि फळ्यावरचे लेखन त्यांच्या देखरेखीखाली झाले. तरी बारमधल्या प्रसंगात घोटाळा झालाच. सगळे मित्र एकाच मुलीमागे लागले तर सगळेच अडतील, म्हणून तिला सोडून सर्वांनी तिच्या मैत्रिणींकडे जावे, असे चित्रपटाचा नायक, गणिती जॉन नॅश, तिथे सुचवतो. पण नॅशचा समतोल म्हणजे इतर सारे आपापल्या निर्णयावर ठाम असताना एकट्याने निर्णय बदलून कुणाचाच फायदा न होणे. इथे इतर सगळे मैत्रिणींकडे वळले, की एकट्याने मागे फिरणाराच लाभात राहतो. ज्या कल्पनेला १९९४ साली नोबेल मिळाले, तीच इथे हुकली. ‘गुड विल हंटिंग’मध्ये (१९९७) दोष वेगळा आहे. ज्या प्रकारच्या गणितांवर नायकाची अलौकिक बुद्धी ठरते, त्यांपैकी एक असे: दहा ठिपके रेषांनी असे जोडा, की कुठेही बंद वळसा होणार नाही आणि कोणत्याही ठिपक्यावर नेमक्या दोनच रेषा येणार नाहीत. अशा वेगवेगळ्या आकृत्या दहाच निघतात. चिकाटीचा दहावीचा विद्यार्थी विरारहून चर्चगेटला पोहोचेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा काढू शकेल. गणित म्हणजे जन्मजात वीज, ज्याच्यावर पडली त्याच्यावर पडली, हा समज अशा दृश्यांतून मुलांच्या मनात घट्ट बसतो, आणि तो मला चुकीच्या उत्तरापेक्षा घातक वाटतो.

चित्रपट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, अचूकतेच्या नादात नाट्य मरते, असे यावर म्हटले जाते. रामानुजनवरचा ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ (२०१५) पाहिला तर हे म्हणणे टिकत नाही. केन ओनो आणि मंजुल भार्गव यांच्यासारखे गणिती त्याच्याशी जोडलेले होते. १७२९ ही संख्या दोन घनांच्या बेरजेने दोन प्रकारे मिळते, १२ आणि १ यांच्या घनांनी तशीच १० आणि ९ यांच्या. यात एक आकडा बदलला तर प्रसंगच कोसळेल. दुसरा आक्षेप असा, की इतके बारीक पाहतो कोण? पूर्वी दृश्य डोळ्यांपुढून निघून जाई. आता मोबाइलवर ते थांबवता येते, आणि मुले थांबवतातही. त्यांच्या हातात नवाचा ताळा आहे. शकुंतलादेवींवर २०२० साली चित्रपट आला. त्यांनी १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९ यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला: १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज करत एका अंकावर आलो तर ६ मिळतात, दुसरीचे २. गुणाकार १२, म्हणजे ३. उत्तराच्या अंकांची बेरीजही ३ वरच येते. ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असते असे नाही, अंकांची अदलाबदल त्यात पकडली जात नाही. पण न जुळला तर ते नक्की चूक. एवढी तपासणी तर निर्मात्याच्या कचेरीतही पाच मिनिटांत होईल. त्यापुढची हवी असेल तर वसई-विरारच्या महाविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक आहेत. साहसदृश्यांच्या मानाने त्यांचे मानधन नगण्य असेल.

आणि गणिताचे नाट्य शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर जन्मले १९०५ साली, डहाणूत, म्हणजे आजच्या आपल्याच पालघर जिल्ह्यात. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचे पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतात. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते वर्ष १७३९. किल्ल्याच्या तटाखाली एखादे पात्र खडूने लिहील: ९७३१ वजा १३७९, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४.