ओस पडणाऱ्या आश्रमशाळा आणि कलेचा उन्हाळा

२०२० च्या मार्च महिन्याच्या मध्यास राज्यातील शाळा बंद करण्याचे आदेश निघाले आणि आश्रमशाळांतील मुले आपापल्या पत्र्याच्या पेट्या घेऊन पाड्यांकडे परतली. आठवडाभरातच, २४ मार्चच्या रात्री, देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. शहरात शाळा बंद झाली म्हणजे वर्ग बंद झाला. मूल राहत होते तेथेच राहिले. आश्रमशाळेतील मुलाचे मात्र वर्गाबरोबरच अंथरूण, दोन वेळचे जेवण, रात्रीचा दिवा, समवयस्क सोबती आणि मोकळा वेळ हे सारेच एका दिवसात हिरावले गेले. या दोन अगदी भिन्न हानींना ‘शाळा बंद’ हे एकच नाव दिले गेले. शिक्षणाच्या नुकसानीचा हिशेब पुढे अनेक समित्यांनी आणि अभ्यासकांनी मांडला. निवासाच्या नुकसानीचा मात्र फारसा कोणी मांडला नाही.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना लागणाऱ्या किन्हवली परिसरात या निवासाचे मोल काय, हे समजणे अवघड नाही. पावसाळ्यात भात आणि नागली, त्यानंतर रान आणि मजुरी, हा येथील आदिवासी कुटुंबांचा वर्षाचा क्रम. कातकऱ्यांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबात दहा-बारा वर्षांचे मूल घरी असले, की धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी आणणे, गुरे वळणे ही कामे ओघानेच त्याच्याकडे येतात. त्यात आईबापांचा दोष नाही. दारिद्र्यात मुलाच्या वेळेलाही किंमत असते. आश्रमशाळेचे निवासी स्वरूप हा वस्तुतः त्या मुलाचा वेळ समाजाने विकत घेण्याचा व्यवहार आहे. अन्न आणि निवारा ही त्या वेळेची किंमत होय.

महामारीने घेतलेली परीक्षा

अर्थशास्त्रात दोन कारणांचे परिणाम वेगळे करून पाहणे नेहमीच कठीण असते. शिक्षणातील निवासाचा वाटा किती आणि अध्यापनाचा किती, हे एरवी सांगता आले नसते. महामारीने मात्र अध्यापन कसेबसे चालू ठेवले आणि निवास तेवढा काढून घेतला. ऑनलाइन वर्ग, कार्यपत्रिका, पाड्यांवर जाऊन शिकविणारे शिक्षक असे अनेक प्रयत्न झाले आणि त्यांतील काही मनापासून झाले. ठाणे जिल्ह्याला ही कल्पना नवीनही नव्हती. त्या वेळी याच जिल्ह्यात असलेल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे वळणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार होता. तथापि आठवड्यातून एखादा दिवस पाड्यावर येणारा शिक्षक आणि चोवीस तासांचे सहजीवन यांतील अंतर कार्यपत्रिकेने भरून निघण्यासारखे नव्हते. ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळविण्यासाठी टेकाड चढावे लागे, तेथे ऑनलाइन वर्गाविषयी न बोललेलेच बरे.

कलेच्या शिक्षणाला याची झळ सर्वांत अधिक बसली. गणिताचे पुस्तक निदान घरी नेता येते. रंग, कागद, माती, ढोलकी आणि मुख्य म्हणजे शेजारी बसून काम करणारा दुसरा मुलगा यांतले काहीच घरी नेता येत नाही. चित्र काढणारे मूल गुरुजींकडे पाहून जेवढे शिकते, त्याहून अधिक शेजाऱ्याच्या कागदाकडे चोरून पाहताना शिकते. नाटकाची तालीम आणि समूहगान तर एकट्याने होतच नाही. २०२० मध्ये एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षाही झाल्या नाहीत. ज्या परीक्षेच्या निमित्ताने खेड्यातील मुलाच्या हातात वर्षातून एकदा तरी रंगपेटी येते, ते निमित्तही त्या वर्षी उरले नाही.

ही स्थिती आपल्याकडेच होती असे नव्हे. अमेरिकेत बोस्टन सिम्फनी वाद्यवृंदाच्या टँगलवुड येथील उन्हाळी संगीत केंद्रात तरुण वादक काही आठवडे एकत्र राहून शिकतात. २०२० च्या उन्हाळ्यात तेथील प्रत्यक्ष कार्यक्रम रद्द करून ते दूरस्थ पद्धतीने करावे लागले. आपल्याकडचे याचे जिवंत उदाहरण तमाशाच्या फडाचे. राहुटीत एकत्र राहणे, एका चुलीवर जेवणे आणि थोरांचे पाहून धाकट्यांनी पाऊल उचलणे, ही फडाची शाळा. चैत्र-वैशाखातील यात्रा हा तिचा ऐन हंगाम. आणि २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे नेमका तोच बुडाला. फरक इतकाच, की टँगलवुडच्या विद्यार्थ्याजवळ घरी वाद्य होते आणि खोलीही होती. फडातील पोराजवळ आणि आश्रमशाळेतील मुलाजवळ घरी त्यांपैकी काहीच नव्हते.

दुसरी बाजू

निवासाचे हे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जे सहजीवन शिक्षणाला पोषक, तेच साथीलाही पोषक असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित आढळले, तेव्हा सारे राज्य हादरले. वसतिगृहे उघडावयास शासन कचरत होते, ते अकारण नव्हते. परंतु यातून निघणारा धडा निवासाविरुद्धचा नसून दाटीविरुद्धचा आहे. एका दालनात किती मुलांनी झोपावे, नळ किती असावेत, आजारी मुलाला वेगळी खोली आहे की नाही, हे प्रश्न महामारीपूर्वीही विचारायला हवे होते. खरूज आणि डोळे येण्याच्या साथींनी ते वर्षानुवर्षे विचारलेही होते. पण त्या साथी गरिबांच्या असल्यामुळे त्यांची दखल घेतली गेली नाही.

शाळा पुन्हा उघडल्या त्या टप्प्याटप्प्याने, मधूनमधून मिटत. २४ जानेवारी २०२२ नंतर त्या सावरल्या. मग मागे पडलेले वाचन आणि गणित भरून काढण्याची धांदल सुरू झाली. ती योग्यच होती. मात्र अशा धांदलीत चित्रकलेची तासिका प्रथम बळी जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. कायद्याने कलेला शाळेत जागा दिली, पण ती उंबरठ्यावरची.

एक साधी सूचना

या पार्श्वभूमीवर एक सूचना विचारार्ह ठरावी. राज्यात सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत आणि अनुदानित आश्रमशाळांची संख्याही त्याहून कमी नाही. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या इमारती, खाटा, स्वयंपाकघरे ओस पडून असतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील काही मोजक्या आश्रमशाळांत दरवर्षी मे महिन्यात तीन आठवड्यांची निवासी कलाशाळा का चालू नये? तीत परिसरातील आश्रमशाळांची आणि जिल्हा परिषद शाळांची मुले स्वेच्छेने यावीत. कलाशिक्षक पदविका घेऊन काम शोधणारे तरुण तीत शिकवावयास यावेत आणि त्यांच्या बरोबरीने, त्यांच्याइतक्याच मानधनावर, लग्नचौक लिहिणाऱ्या वारली स्त्रिया, तारपा वाजविणारे, बुरुडकाम करणारे कारागीरही यावेत. इमारतीचा खर्च होऊन गेलेला आहे. तो शाळा भरली तरी तेवढाच आणि न भरली तरी तेवढाच. वाढीव खर्च केवळ धान्य, साहित्य आणि मानधन यांचा.

आक्षेप येतील आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. वर्षभर दूर राहिलेल्या मुलाला सुटीत तरी आईजवळ राहू द्यावे, असे कोणी म्हणेल. म्हणूनच मुदत तीन आठवड्यांची असावी आणि सक्ती मुळीच नसावी. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो अधिक बोचरा आहे. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातील अनेक पाडे मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. पण पाण्याअभावी कलाशाळा भरविता येत नसेल, तर तो कलाशाळेचा दोष कसा? मुंबईने या तालुक्याचे काय देणे लागते, याची आठवण त्या निमित्ताने होणार असेल, तर तेही एक शिक्षणच ठरेल.

तिसरा आक्षेप जुनाच आहे: चित्रे काढून पोट भरते काय? डहाणूजवळच्या गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांच्या तांदळाच्या पिठातील रेषा जगभर पोहोचल्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे उत्तर देता येईल. पण ते अपुरे आहे. शेकडो मुलांतून एखादाच मशे निघेल, आणि तो निघेलच अशी हमी देणारी योजना अस्तित्वात नाही. खरे उत्तर निराळे आहे. शहरातील मूल उन्हाळी शिबिराला जाते, तेव्हा त्याच्या पालकांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तेथे आनंद हेच पुरेसे प्रयोजन मानले जाते. गरिबाच्या मुलाने मात्र प्रत्येक रेषेचा मोबदला आधी सिद्ध करून दाखवावा, ही अपेक्षा अर्थशास्त्राची नव्हे. ती विषमतेची आहे.

त्या मार्चमध्ये पेट्या घेऊन गेलेल्या मुलांपैकी काही परत आली, काही आली नाहीत. जी आली, त्यांना गमावलेली बेरीज-वजाबाकी परत देण्याचा प्रयत्न तरी झाला. सोबत्यांच्या घोळक्यात बसून, पोटाची चिंता न करता, हात रंगवून घेण्याचे गमावलेले दिवस त्यांना परत मिळायचे नाहीत. त्यांच्या धाकट्या भावंडांना मात्र ते देता येतील. त्यासाठी मे महिन्यात आश्रमशाळेच्या दाराला लागणारे कुलूप तेवढे उघडावे लागेल.