घंटा वाजून गेल्यानंतर



सास्तूरची बैठक लांबली. चारची एसटी आलीच नाही, आणि काळीपिवळी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. लोहाऱ्यात उतरून मी शाळेपर्यंत अक्षरशः पळत गेले. शाळा सुटून पाऊण तास झाला होता. वर्ग झाडून, कुलूप लावून मावशी पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी दप्तर मांडीवर घेऊन माझी सहा वर्षांची लेक. ती रडत नव्हती. मला बघून एवढंच म्हणाली, "आई, मावशींना घरी जायचं होतं गं."

तेवढ्यात गाडी काढत असलेल्या बाई बोलल्याच, "मॅडम, समाजाची कामं करा, पण लेकराकडंही बघत जा."

समाजकार्याची पदवी घेऊन, इतकी वर्षं शिबिरांतून 'मूल ही एकट्या आईची जबाबदारी नाही' असं सांगत फिरलेली मी. पण त्या वाक्यानं रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. मुलीचे वडील त्या दिवशी गावातच होते, शाळेपासून दहा मिनिटांवर. शाळेतून मला तीन फोन आले होते, त्यांना एकही नाही. त्यांनीही आपणहून विचारलं नव्हतं. आणि मागं एकदा ते स्वतः अर्धा तास उशिरा पोचले होते, तेव्हा त्याच शाळेत 'बाबा स्वतः आले!' म्हणून कौतुक झालं होतं.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं सरकारी कागदावर आधी आईचं नाव लागेल, असा निर्णय महाराष्ट्रात झाला. चळवळीची जुनी मागणी होती, आनंदच आहे. उशीर झाल्यावर ज्याला बोलायचं त्या यादीत मात्र आईचं नाव पहिल्यापासूनच पहिलं होतं!

हा विषय बैठकीत काढला तर पुढचा अजेंडा बाजूलाच राहिला. अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या, गावाची लेकरं मी सांभाळते, मग नोंदी, मग गृहभेटी, आणि माझं पोरगं शेजारणीच्या ओट्यावर. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, बाळंतीण अडलेली असताना घड्याळाकडं कसं बघायचं? शेतमजुरी करणारी एक बाई मात्र हसली. "तुमचं लेकरू शाळेच्या पायरीवर तरी बसलं. माझं घराच्या कुलपापाशी बसतं, आणि त्यावरून मला कुणी बोलतसुद्धा नाही." यावर कुणाला काही सुचलं नाही. अपराधी वाटून घ्यायलाही थोडी ऐपत लागते, हे तिनं आम्हाला दाखवलं. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आया तर लेकराला आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर ठेवून जातात. त्यांचा उशीर पाच-सहा महिन्यांचा असतो.

कायदा याकडं कसा बघत आला, तेही पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण त्यासाठी मोजायच्या फक्त बाया. आधी पन्नास, १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीस. म्हणजे मूल हे बाईकामगाराबरोबर येणारं ओझं, आणि बाया कमी ठेवल्या की मालक मोकळा. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा पन्नास कामगारांत पुरुषही मोजले गेले. पाऊल चांगलं होतं. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला बघण्याची मुभा दिली ती फक्त आईला. २०१८ साली राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती स्त्रियांना, आणि पत्नी नसलेल्या किंवा पत्नी आजारानं अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांना. बायको धडधाकट असेल तर बापाला मूल सांभाळायचं कारण काय, असाच त्याचा अर्थ!

२०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली, पुरुषांची ८८.

शिवाय पाळणाघराच्या तरतुदी सहाव्या वर्षाशी थांबत आल्या. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यांच्यासाठी एक बाई नेमायची होती. २०२२ मध्ये 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं, तेही सहा वर्षांपर्यंतच. सातव्या वर्षी मूल एकदम मोठं होतं काय? शाळा सुटते त्या वेळी आणि आईचं काम सुटतं त्या वेळी, यांच्या मधले दोन तास कुठल्याच खात्याचे नाहीत. उन्हाळ्यात सकाळची शाळा झाली की दोनाचे सहा होतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार पूर्वी कळलं होतं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकट्याला सांभाळायचं म्हणून थोरली घरी राहते, तर धाकट्यालाही शाळेतच घ्या, इतका साधा हिशेब. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढल्या. मुलं शाळेच्या वेळेत बसत नाहीत, तर शाळेनं मुलांच्या वेळेत बसावं.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसली, सास्तूर त्यातलंच. घरं पक्की झाली, रस्ते रुंद झाले, पण जुन्या गल्लीत एका हाकेवर असणारी जाऊबाई, मावशी, शेजारीण लांब गेली. त्याच पुनर्वसनाच्या काळात कितीतरी बाया संवाद सहायक म्हणून पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडल्या, लेकरू कडेवर घेऊन बैठकांना बसल्या. बाहेर पडणं वाढलं आणि लेकराकडं लक्ष ठेवणारे डोळे कमी झाले, दोन्ही एकाच वेळी. त्या जागी दुसरं काही उभं करायचं कुणाच्या आराखड्यात नव्हतं.

म्हणून ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत एक साधा ठराव आपण मांडू शकतो. शाळा सुटल्यावर दोन तास एक वर्ग उघडा, आणि थांबणाऱ्या मावशींना त्याचं मानधन. हे 'मानधन' विसरू नका, नाहीतर आपला उशीर आपण दुसऱ्या बाईच्या फुकट कष्टांवर ढकलू. त्या दिवशी मावशींना घरी जायचं होतं, हे माझ्याआधी माझ्या मुलीला कळलं होतं.

आणि थोडं आपल्याबद्दलही. आपल्या बैठका कायम दुपारी दोनला ठरतात, तीनला सुरू होतात आणि सहाला संपतात. माझ्यासारख्या किती जणींना आपणच शाळेच्या दारात पळायला लावलं असेल? पुढची बैठक सकाळी अकराला आहे. दोनच्या ठोक्याला उठायचं, विषय राहिला तर राहू द्या. लेकरं बरोबर आणा.

शाळेच्या फॉर्मवर मी फोन नंबरांचा क्रम बदलून दिला आहे. मुलीच्या वडिलांनी आधी 'कशाला?' विचारलं, मग सही केली. परवा पहिला फोन त्यांना गेला. त्यांनी तो घेतला, आणि लगेच मला लावला.