प्लॉटची माती आधी बाटलीत मोजा!



बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाशी बोला, दहा मिनिटांत विषय गावच्या प्लॉटवर येतो. रस्ता, पाणी, दिशा सगळं बघून झालेलं असतं. माती मात्र बघायची राहते, आणि पुढे भिंतीला तडे तीच पाडते.

पीण्यात पाया खणला की बहुतेक लाल माती निघते. सोलापूर, लातूरकडे निघते काळी. चिकणमाती दोन्हींत असते, पण जात वेगळी. लाल मातीत मुख्यतः केओलिनाइट असतं. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी आत शिरत नाही. काळ्या मातीतल्या माँटमोरिलोनाइटच्या थरांमध्ये पाणी शिरतं. म्हणून ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचं घर दरवर्षी थोडं उचललं जातं, थोडं खचतं.

आता मोजायचं कसं? मुलांना सोबत घ्या.

१. दोन-तीन फूट खोलीवरची माती वाळवून चाळा. काचेची उभट बाटली एक तृतीयांश भरा.
२. वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घाला. पाच मिनिटं जोरात हलवून बाटली स्थिर ठेवा.
३. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ दोन-तीन तासांत. चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात.
४. पट्टीने थर मोजा. एकूण १० सेंटीमीटरपैकी सर्वांत वरचा ५ असेल, तर साधारण निम्मी चिकणमाती.

हा अंदाज झाला, कारण फुगणारी माती बाटलीतही फुगते. प्रयोगशाळेतही तत्त्व हेच आहे: कणाचा आकार निम्मा झाला की बुडण्याचा वेग चौथाई होतो. ०.००२ मिलिमीटरहून बारीक कण म्हणजे चिकणमाती. पाण्यात त्यातले किती कण तरंगत राहिले, ते हायड्रोमीटर सांगतो.

पण किती आहे एवढ्यावर भागत नाही, फुगते किती तेही हवं. त्यासाठी प्रयोगशाळेत १०-१० ग्रॅम बारीक माती दोन नळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी रॉकेलमधली माती १० मिलिलिटर आणि पाण्यातली १६ भरली, तर फुगवटा ६० टक्के. ५० च्या पुढे गेला की इंजिनिअर सावध होतात.

अशी माती निघाली म्हणून प्लॉट वाया गेला असं नाही. काळी माती उपसून मुरूम भरता येतो, पाया कठीण थरापर्यंत नेता येतो किंवा तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब घेता येतात. मात्र हे सगळं पाया भरण्याआधीच करायचं. नंतर तडे बुजवत बसावं लागतं.

तेव्हा सुट्टीत गावी जाल तेव्हा परत येताना प्लॉटची किलोभर माती पिशवीत घाला. बाटलीत वरचा थर जाड दिसला, तर आधी माती परीक्षण करून घ्या, मगच नारळ फोडा!