नाव नकुशीच राहील

मी आंबेगाव तालुक्यातली, घरची चौथी मुलगी. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून माझे नाव नकुशी ठेवले. शाळेत हजेरीला मान खाली जायची.

शेजारच्या साताऱ्यात २०११ साली २८५ नकुशींना नवी नावे मिळाली. आनंद आहे! पण नाव बदलल्याने मुलगी हवीशी होते का? गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला. तरी हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. पूर्वी नकोशी मुलगी जन्माला तरी येई. आता ती नावापुरतीही उरत नाही.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या बैठकांत मी माझे नाव ठणकावून सांगते. लाज असलीच तर ती ठेवणाऱ्यांची. हे नाव आता माझे, मला हवेसे!