बियाण्याची पावती आणि चावडीचा फळा

मृग नक्षत्र जवळ आले की गावोगाव बियाणे-खरेदीची घाई उडते. शेतकरी बंधू भावाची घासाघीस करतात, परंतु पावती मागावयास विसरतात. पुढे बी उगवले नाही म्हणजे तक्रारीस आधार राहत नाही व दुबार पेरणीचा भुर्दंड सोसावा लागतो. म्हणून पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते, हेही ध्यानात असावे.

सोयाबीनचे बियाणे घरचे असो वा विकतचे, त्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलसर ठेवावे. ७० अथवा अधिक दाण्यांस सशक्त कोंब आले तरच ते बियाणे पेरणीयोग्य समजावे.

आमच्या मते एवढ्यावर थांबणे योग्य नव्हे. लग्नाची व जत्रेची बातमी घरोघर पोहोचते. मग कोणत्या वाणाचे शेकडा किती दाणे उगवले, ही बातमी का पोहोचू नये? गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे निकाल पेरणीपूर्वीच चावडीच्या फळ्यावर लिहावेत. बियाण्यातील दोष शेतात कळण्यापेक्षा फळ्यावर कळलेला बरा.