नानांचे बोल कोण जपणार?

डॉक्टरांच्या स्मरणिकेत पखवाजावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर माझ्याच एका चुकीत आहे.

एकोणिसाव्या शतकात आपल्या शेजारच्या इंदूरच्या होळकर दरबारी नानासाहेब पानसे हे थोर पखवाजवादक होऊन गेले. ते मूळचे वाईजवळच्या बावधनचे. कीर्तनाच्या साथीत त्यांचा हात तयार झाला. पुढे काशीस बाबू जोधसिंहांकडे त्यांनी विद्या घेतली. समकालीन कुदऊसिंहांचे वादन जोरकस, तर नानांच्या वादनात सफाई आणि माधुर्य. त्यांनी असंख्य परणी रचल्या आणि मोकळ्या मनाने शिष्य घडविले. सखारामपंत आगळे हे त्यांचे नामांकित शिष्य. याच परंपरेतील गोविंदराव बुऱ्हाणपूरकरांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरीही आज माळव्यातील किती मराठी घरांत नानांचे नाव ठाऊक आहे?

ध्रुपद मागे पडून ख्याल पुढे आला, तबल्याने मैफल जिंकली आणि पखवाज मंदिरापुरता उरला, हे एक कारण झाले. दुसरे अधिक गंभीर आहे. गायकाची चीज श्रोत्याच्या ओठी राहते. परण मात्र वादकाच्या स्मरणात आणि एखाद्या जीर्ण वहीत असते. तो गेला, वही गेली, की रचनाही गेली.

युरोपातही हे घडत आले. शूबर्ट १८२८ साली वारला. त्याची सी मेजरमधील थोरली सिंफनी भावाच्या घरी कागदांत पडून होती. शूमानने ती शोधली आणि १८३९ साली मेंडेल्सोनने लाइपझिगला वाजवून घेतली. भावाने कागद टाकले नाहीत आणि पाहुण्याने विचारले, म्हणून ते संगीत जगाला मिळाले.

मी मात्र विचारले नाही. अनेक वर्षांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांची नाडी पाहत असता ते डोळे मिटून बोटांनी पलंगाच्या काठावर ताल धरीत आणि पुटपुटत. ‘‘डॉक्टर, ही नानांची परण बरं का,’’ असे ते एकदा म्हणाले. मी हसून रक्तदाब लिहून घेतला. त्यांच्या निधनानंतर कळले की त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. ज्या घरात मी इतक्या वेळा गेलो, तिथली ती वही मी एकदाही मागितली नाही.

वृद्धांच्या उशापाशी बसण्याचा अधिकार समाजाने आपल्याला दिला आहे. औषध लिहून झाल्यावर पाच मिनिटे अधिक बसावे. ‘काका, आपण काही गात-वाजवत होता का?’ एवढे विचारावे. घरच्यांच्या संमतीने बोल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत, वहीच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत, गुरूचे नाव व तारीख नोंदवावी आणि एक प्रत संगीत महाविद्यालयाकडे सोपवावी. आपल्या संस्थेने या कामी पुढाकार घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

रुग्णाचा इतिहास विचारण्याची सवय आपल्याला आहेच. त्यात हा एक प्रश्न वाढवू या.